समुद्रातली आमची सोसायटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर. वक्ते आपले सभासद असून मुंबई हाय येथील प्लॅटफॉर्मवर प्रॉडक्शन विभागात अनेक वर्षे कामाला होते. – स्मरणिका समिती)



मी काही वक्ता नाही. पण कमिटीने सांगितलं, "काका, तुम्ही आयुष्यभर नेमकं काय केलंत ते आम्हाला आजवर कळलेलं नाही, एकदा सांगून टाका." यात तथ्य आहे. वर्षातले सहा महिने मी इथे नसायचो आणि उरलेले सहा महिने भर दुपारी भाजी आणताना दिसायचो. त्यामुळे ए विंगमधल्या एका आजींची बरीच वर्षं अशी समजूत होती की मला नोकरीच नाही.

मागच्या आठवड्यात पुढच्या रांगेतल्या एका छोट्याने विचारलं, "आजोबा, तुमचं ते समुद्रातलं घर तरंगतं का?" तिथूनच सुरुवात करतो.

तरंगत नाही, बाळा. ते उभं असतं. मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तिथे विहीर खणली आणि तेल लागलं. २१ मे १९७६ रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. तिथे समुद्र ७५ ते ८० मीटर खोल आहे. आपली ही सात मजली बिल्डिंग एकावर एक अशी तीनदा ठेवली, तरी सगळ्यात वरची गच्ची पाण्याखालीच राहील.

एवढ्या पाण्यात उभं कसं राहायचं? तर आधी जमिनीवर जाड पोलादी नळ्यांचा एक सांगाडा बांधतात. त्याला आम्ही जॅकेट म्हणतो. आपल्याकडे माझगाव डॉकने न्हाव्याच्या यार्डात अशी कितीतरी जॅकेटं बांधली. हा सांगाडा आडवा करून बार्जवर चढवायचा, समुद्रात नेऊन पाण्यात सोडायचा, पायांमध्ये हळूहळू पाणी भरून उभा करायचा आणि तळाशी टेकवायचा. मग त्याच्या पोकळ पायांतून लांबलचक पाइल घालून ते समुद्रतळात खोल ठोकायचे. आपल्या बिल्डिंगचं पायलिंग चाललं होतं तेव्हाचा तो धाड धाड आवाज जुन्या सभासदांना आठवत असेल. तोच प्रकार, फक्त पाण्याखाली. हे झालं की लाटा पोचणार नाहीत एवढ्या उंचीवर वरचे मजले, म्हणजे डेक, क्रेनने आणून बसवतात.

आता समुद्राचं खारं पाणी आणि लोखंड यांचं नातं आपल्याला माहीत आहे. आपल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीची दर चार वर्षांनी काय अवस्था होते ते बघता ना? म्हणून जॅकेटला जागोजागी अॅल्युमिनियम मिश्रधातूचे ठोकळे लावतात. समुद्राचं पाणी आधी ते ठोकळे खातं आणि लोखंड वाचतं. ठोकळे संपत आले की नवे बसवायचे. ते किती उरलेत हे बघायला पाणबुडे खाली जातात.

आता तेलाकडे येऊ. पुष्कळांना वाटतं की खाली तेलाचं तळं असतं आणि आम्ही वरून पंपाने उपसतो. तसं नसतं. समुद्रतळाखाली सव्वा ते दीड किलोमीटरवर चुनखडीचा दगड आहे. त्या दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत तेल भरलेलं आहे. पावात दूध मुरलेलं असतं तसं समजा. वरच्या थरांच्या वजनाखाली ते दाबलेलं असतं. भोक पाडलं की स्वतःच्या दाबाने वर येतं. एकाच प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरक्या तिरक्या खणतात, म्हणजे छत्रीच्या काड्यांसारख्या त्या खाली पसरतात.

विहिरीच्या तोंडाशी व्हॉल्व्हची एक उतरंड असते. तिचं नाव ख्रिसमस ट्री. झाड वगैरे काही नाही, नुसती चाकं आणि फ्लँज. माझ्या पहिल्या ट्रिपला सीनियरने सांगितलं, "जा, ख्रिसमस ट्रीचं प्रेशर बघून ये," तेव्हा मी खरोखरच झाड शोधत होतो.

काही वर्षांनी दाब कमी होतो. मग दोन उपाय. पहिला म्हणजे समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून, मोठ्या पंपांनी खाली दगडात सोडायचं. ते पाणी तेलाला विहिरीकडे ढकलतं. दुसरा उपाय म्हणजे गॅस लिफ्ट. मोठ्या दाबाचा गॅस विहिरीत खालपर्यंत पोचवून तेलात मिसळायचा. तेलात बुडबुडे झाले की ते हलकं होतं आणि सोड्याच्या बाटलीसारखं फसफसत वर येतं. हा गॅस लिफ्टचा पाइप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म वेगळे असतात आणि त्यांवर बहुधा माणूस राहत नाही. तिथून समुद्रतळावरच्या पाइपांतून माल मोठ्या प्लॅटफॉर्मवर येतो. त्याला प्रोसेस प्लॅटफॉर्म म्हणतात. माझी नोकरी तिथली. समुद्रतळावरून जो उभा पाइप वर डेकपर्यंत येतो त्याला राइझर म्हणतात.

वर येतं ते निव्वळ तेल नसतं. तेल, गॅस आणि पाणी यांचं मिश्रण असतं. ते सेपरेटर नावाच्या आडव्या, प्रचंड टाकीत घेतात. तिथे त्याला जरा उसंत द्यायची. गॅस वर जातो, पाणी तळाला बसतं, तेल मध्ये राहतं. इतकं सोपं आहे. पण टाकीतली पातळी सांभाळणं हे चोवीस तासांचं काम. पातळी फार वर गेली तर तेल गॅसच्या पाइपात शिरतं, फार खाली गेली तर गॅस तेलाच्या पाइपात शिरतो. आमचं निम्मं आयुष्य या पातळ्या बघण्यात गेलं.

वेगळं झालेलं तेल पंपाने समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला जातं. सुरुवातीला ते टँकर जहाजांनी आणायचे, पाइपलाइन १९७८ साली आली. गॅस आधी वाळवावा लागतो, कारण त्यात पाण्याची वाफ राहिली तर पाइप गंजतो आणि तुंबतोही. मोठे कॉम्प्रेसर त्याचा दाब वाढवतात. काही गॅस विहिरींना लिफ्टसाठी परत जातो, काही तिथेच टर्बाइन चालवायला वापरतात, बाकीचा किनाऱ्यावर. उरणला त्यातून एलपीजी वेगळा काढतात. म्हणजे आपल्या वहिनी सकाळी शेगडीचा कान पिरगाळतात तेव्हा पलीकडच्या टोकाला कुणीतरी नाइट शिफ्ट संपवून डोळे चोळत असतो, हे लक्षात असू द्या. अडचणीच्या वेळी जो गॅस पाठवता येत नाही तो लांब पुलाच्या टोकाला जाळून टाकतात. ती ज्योत म्हणजे फ्लेअर.

आता राहण्याचं सांगतो. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. बारा तासांची शिफ्ट. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं. चार-पाच प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले असतात. त्यातला एक राहण्याचा, एक प्रोसेसचा, असं. तिथे आपल्यासारखंच सगळं. पाण्याची टाकी, जनरेटर, मेस, एकच टीव्ही आणि त्यावरून होणारी भांडणं. गणपतीसुद्धा बसायचा. वीज आमची आम्ही बनवायची, पिण्याचं पाणीही खाऱ्याचं गोडं करायचं. बीएमसी नाही, एमएसईबी नाही, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच नव्हता.

पण एक गोष्ट आपल्याकडे नाही आणि तिथे होती. प्रत्येक माणसाचं एक कार्ड असायचं. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचं, म्हणून टी-कार्ड. आत्ता या क्षणी प्लॅटफॉर्मवर किती माणसं आहेत याचा आकडा रेडिओ रूमला तोंडपाठ असायचा. अलार्म झाला की सगळे लाइफबोटीजवळ जमायचे आणि आपापलं कार्ड उलटं करायचे. ज्याचं कार्ड सरळ राहिलं तो कुठेतरी अडकला आहे. ड्रिल असो नाहीतर खरं संकट, नियम एकच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला विचाराल, तर प्लॅटफॉर्म तेल काढण्यापेक्षाही बंद पडण्यासाठी जास्त विचार करून बांधलेला असतो. विहिरीच्या आत, समुद्रतळाच्याही खाली, एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा मूळ स्वभाव बंद राहण्याचा. वरून एका बारीक नळीतून तेलाचा दाब देऊन आम्ही त्याला जबरदस्तीने उघडा ठेवतो. दाब गेला, नळी तुटली, अगदी वरचा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला, तरी तो आपला आपण मिटतो. डेकवर सगळीकडे हवेची नळी फिरवलेली असते आणि तिला जागोजागी मऊ धातूची बुचं असतात. आग लागली की बूच वितळतं, हवा निघून जाते आणि त्यासरशी विहिरी बंद होतात. बटण दाबायला माणूस लागत नाही. आगीच्या पाण्याचंही तसंच. पाइपातला दाब उतरला की पंप स्वतःहून सुरू.

एवढं सगळं असून धोका कशाने होतो? बहुतेक वेळा माणसाने. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. प्लॅटफॉर्मचं नाव नको.

नोकरीला पाचेक वर्षं झाली होती. एका रात्री सेपरेटरच्या वरच्या पातळीचा स्विच सारखा खोटा अलार्म देत होता. तीनदा गेलो, तीनदा पातळी ठीक. चौथ्यांदा वैतागून मी त्या स्विचला बायपास केलं. किल्ली फिरवली की झालं. तसं करायला परवानगी घ्यावी लागते आणि लॉगबुकात लिहावं लागतं. म्हटलं, सकाळी लिहू. सकाळी सहाला रिलीव्हर आला, आणि माझं हेलिकॉप्टर सातचं. दुसऱ्या दिवशी मुलीचा पहिला वाढदिवस होता. मी सही केली आणि बॅग उचलली.

हेलिडेकवर रांगेत उभा होतो, पंखा फिरत होता, आणि माझं नाव पुकारलं गेलं. आमच्या सीनियरने राउंड मारताना फिरवलेली किल्ली पाहिली होती. मला खाली बोलावलं. हेलिकॉप्टर माझ्याशिवाय गेलं.

ते ओरडले नाहीत. मला कंट्रोल रूममध्ये उभं केलं आणि म्हणाले, "रात्रीचं लॉगबुक मोठ्याने वाच." मी वाचलं. ते म्हणाले, "आता मला सांग, हे वाचून तुझ्या रिलीव्हरला काय कळलं?" मी गप्प. रात्री खरोखर पातळी चढली असती तर तेल फ्लेअरच्या पाइपात गेलं असतं आणि जळत्या तेलाचा पाऊस पडला असता. रिलीव्हर मात्र निश्चिंत बसला असता, कारण आपल्याला सांगणारा स्विच मेलेला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मी नंतर पाहिले. त्यात मी नाही. ती आता मोठी झाली आहे, समोरच बसली आहे, आणि कारण तिला आज पहिल्यांदाच कळतं आहे.

आता २००५ सालाकडे येतो. २६ जुलै कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आपल्या इथे मुलुंड पूर्वेलाही लोकल बंद, लाइट नाहीत, गल्लीत गुडघाभर पाणी. सोसायटी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. मी तिकडे समुद्रात होतो, दक्षिणेकडच्या एका प्लॅटफॉर्मवर.

२७ जुलैला उत्तर भागातल्या मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मजवळ 'समुद्र सुरक्षा' नावाचं जहाज होतं. त्या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. वादळी हवेमुळे त्याला हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मपाशी आणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून वर घ्यायचं ठरलं. त्याला वर घेतलंही. पण समुद्र खवळलेला, जहाजाच्या इंजिनांत अडचण, आणि ते प्लॅटफॉर्मवर आदळलं. नेमका बाहेरच्या बाजूचा एक राइझर तुटला. मघाशी लक्षात ठेवायला सांगितला होता, तो गॅस लिफ्टचा पाइप. गॅस सुटला, पेटला, आणि त्या उष्णतेने शेजारचे पाइप गेले. व्हॉल्व्ह विहिरीला अडवतो, पण पाइपात आधीच कोंडलेल्या गॅसला तो काय करणार? दोन तासांत तो अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. १९८१ पासून उभा असलेला. ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली.

आम्ही रेडिओवर ऐकत होतो. त्या रात्री आमच्या मेसमध्ये कोणी जेवलं नाही. ज्या लोकांशी रोज आकड्यांची देवाणघेवाण करायचो, त्यांचा आवाज येत नव्हता.

आणि इकडे? इकडे आमच्या घरी माझी पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई. संध्याकाळी कोणीतरी बॅटरीवरच्या रेडिओवर ऐकून सांगितलं की मुंबई हायला आग लागली, प्लॅटफॉर्म बुडाला. कुठला प्लॅटफॉर्म, ते नाही. फोन मेलेला. मोबाइलला रेंज नाही.

हे मी पाहिलेलं नाही, मला सांगितलेलं आहे. तळमजल्यावरचे पोस्टातले काका, त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं होतं. सामान खाटेवर चढवून ते वर आले. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे माझ्या ऑफिसचे नंबर लिहिलेले होते. ते पान काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि चालत कोपरीपर्यंत गेले. तिथे एक पीसीओ चालू होता. लाइन लागेना. पीसीओवाल्याला विनवून ते पहाटेपर्यंत नंबर फिरवत बसले. इकडे शेजारच्या शिक्षिका वहिनी रात्रभर आमच्याकडे बसल्या होत्या. मुलीला बी विंगमधल्या मावशींनी आपल्याकडे झोपवलं. पहाटे कधीतरी काकांना लाइन लागली, आणि तिकडून सांगितलं, हे नाव नॉर्थच्या यादीत नाही, माणूस दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आहे, सुखरूप आहे. काका परत आले आणि जिना चढायचीही वाट न बघता खालूनच ओरडले.

काका आज नाहीत. मी परत आलो तेव्हा पेढे दिले, तर म्हणाले, "अहो, मी काय केलं, फोनच तर केला." या वीस वर्षांत मी कोणाचेही जाहीर आभार मानलेले नाहीत. समुद्रावरच्या माणसाला असं वाटतं की सगळं सांभाळण्याचं काम तोच करतो. आज या गच्चीवरून काकांना, वहिनींना, मावशींना आणि त्या रात्री आमच्या दारात येऊन गेलेल्या प्रत्येकाला मी हात जोडतो.

हात जोडून झाले, आता चार मागण्याही करतो. कमिटी समोर बसलेलीच आहे.

एक, आपला आगीचा पंप ऑटोवर असायला हवा. मी गेल्या महिन्यात पाहिलं, तो मॅन्युअलवर आहे. कारण विचारलं तर कळलं, सारखा खोटा सुरू व्हायचा म्हणून कोणीतरी बंद केला. कोणी आणि कधी, हे कुठेही लिहिलेलं नाही. माझा बायपास आठवा. दोन, वॉचमन ड्युटी बदलताना काय बंद आहे, काय बिघडलं आहे, हे वहीत लिहितील आणि पुढचा ते वाचून सही करेल. तीन, जिन्याच्या लँडिंगवरची चपलांची कपाटं आणि सायकली हलवा. त्यातलं एक कपाट आमचं आहे, ते उद्याच हलतं. चौथी मागणी टी-कार्डाची. मजल्यावार एक यादी करू, त्यात कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचं माणूस परगावी आहे, हे लिहू आणि यादी सेक्रेटरींकडे ठेवू. संकटात कोणाचं कार्ड सरळ राहिलं आहे, हे कोणाला तरी कळलं पाहिजे.

पोस्टातल्या काकांना यादीची गरज नव्हती. त्यांना सगळी बिल्डिंग पाठ होती. आता तीन विंगा झाल्या, निम्मे फ्लॅट भाड्याने आहेत, सगळ्यांची ओळख राहिलेली नाही. म्हणून लिहून ठेवायचं.

फार बोललो. चहा आणि बटाटेवडे तयार असल्याचा वास येतो आहे. मुलांना प्रश्न विचारायचे असतील तर आधी मुलांनी विचारा, मोठ्यांनी मग.